डॉकर प्लगइन: बसवायचं कसं, सांभाळायचं कसं आणि गरज पडली तर लिहायचं कसं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या टॉवेल कारखान्यात साधारण अशी मांडणी असते. ऑफिसात एक उबुंटू सर्व्हर, त्यावर डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या बंदिस्त डब्यांत प्रोग्राम चालवणाऱ्या साधनात, ऑर्डर आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर. दुसऱ्या खोलीत एक जुनं मशीन, त्यात जॅकार्डच्या डिझाइन फायली. ऑर्डरच्या कंटेनरला त्या फायली वाचायच्या असतात, आणि पार्टीवार (ग्राहकवार) आलेली कागदपत्रं कुठेतरी नीट ठेवायची असतात. पुढची सगळी उदाहरणं या मांडणीला धरून आहेत.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

प्लगइन हवाच आहे का?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण डॉकरचा प्लगइन म्हणजे आणखी एक कंटेनर नव्हे. तो डेमनच्या, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या डॉकरच्या मुख्य प्रोग्रामच्या, कामात मधे बसतो. व्हॉल्यूम (कंटेनरला जोडलेली डेटाची जागा) सांभाळणाऱ्या प्लगइनने उत्तर द्यायला वेळ लावला तर कंटेनर सुरू व्हायचा थांबतो. लॉग प्लगइन अडकला तर कंटेनर बंद करतानाही डेमन ताटकळतो. शिवाय बहुतेक प्लगइनना होस्टवर, म्हणजे डॉकर चालतो त्या मशीनवर, रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) जवळपास जाणारे अधिकार द्यावे लागतात.

दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर आणायचं एवढंच काम असेल आणि त्या मशीनवर एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची पद्धत) चालू करता येत असेल, तर डॉकरमध्ये मुळातच असलेला लोकल ड्रायव्हर पुरतो:

डॉकर व्हॉल्यूम क्रिएट --ड्रायव्हर लोकल --ऑप्ट टाइप=एनएफएस --ऑप्ट ओ=ॲडर=१९२.१६८.१.२०,आरओ --ऑप्ट डिव्हाइस=:/डिझाइन डिझाइन

यात ‘आरओ’ म्हणजे फक्त वाचायला. डिझाइन फायलींना कंटेनरकडून हात लागायला नकोच, म्हणून तो इथे योग्य. ‘डिव्हाइस’च्या किमतीतला सुरुवातीचा अपूर्णविराम विसरू नका. ही आज्ञा दिल्यावर लगेच काही जोडलं जात नाही. पहिला कंटेनर सुरू होताना माउंट होतं, त्यामुळे पत्ता चुकला असेल तर चूकही तेव्हाच कळते. होस्टवर एनएफएस क्लायंटचं पॅकेज बसवलेलं असू द्या.

यावर भागत असेल तर पुढचं वाचण्याआधी हेच वापरून बघा. समोरच्या मशीनवर फक्त एसएसएच (दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायची सोय) आहे, लॉग दुसरीकडे पाठवायचे आहेत, किंवा व्हॉल्यूम काढताना काही वेगळं घडायला हवं आहे, अशा वेळी मात्र प्लगइनला पर्याय नाही.

कुठले प्रकार असतात

व्हॉल्यूम, नेटवर्क, आयपी वाटप, लॉग आणि परवानगी तपासणी हे मुख्य प्रकार. हे सगळे डेमनचे प्लगइन. जुन्या पद्धतीत ते होस्टवर साधा प्रोग्राम म्हणून चालायचे आणि डेमन त्यांना /रन/डॉकर/प्लगइन्स या फोल्डरातल्या सॉकेटवरून शोधायचा. जानेवारी २०१७ मधल्या १.१३ आवृत्तीपासून डॉकर त्यांना स्वतः बसवतो, चालवतो आणि बंद करतो. आता नवीन काही करायचं तर याच पद्धतीने करा. हे प्लगइन लिनक्सवरच चालतात, विंडोज कंटेनरसाठी नाहीत.

कम्पोज (एका फाइलीवरून अनेक कंटेनर चालवणारं) आणि बिल्डएक्स (इमेज बनवणारं) यांनाही प्लगइन म्हणतात, पण ते कमांड लाइनचे. ते डेमनच्या आत बसत नाहीत, आणि ‘डॉकर प्लगइन एलएस’मध्ये ते दिसत नाहीत. त्यांच्याबद्दल शेवटी थोडं.

एसएसएचएफएस बसवताना

डॉकरच्या कागदपत्रांत उदाहरण म्हणून जो व्हॉल्यूम प्लगइन वापरतात तोच घेऊ: एसएसएचएफएस, म्हणजे एसएसएचवरून दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर जोडणारा. डॉकर हबवर (डॉकरच्या सार्वजनिक साठ्यावर) त्याच्या खात्याचं नाव व्ही, आय, ई, यू, एक्स या पाच अक्षरांचं आहे, पुढे तिरकी रेघ आणि एसएसएचएफएस. खाली त्याला ‘व्हिएक्स’ लिहिलं आहे. तो बराच जुना आहे, म्हणून वाचण्यापुरत्या कामाला ठीक. त्यावर डेटाबेस मात्र ठेवू नका. एसएसएचवरून जोडलेल्या फोल्डरात फायलींच्या कुलपांचा भरवसा नसतो.

आधी की तयार करा. डिझाइन मशीनवर फक्त त्या फोल्डरापुरता अधिकार असलेला वेगळा युजर करा. सर्व्हरवर /रूट/डिझाइन-की या फोल्डरात पासवर्ड नसलेली एसएसएच की बनवा आणि तिचा सार्वजनिक भाग त्या युजरला जोडा. मग:

डॉकर प्लगइन इन्स्टॉल --एलियास एसएसएचडी व्हिएक्स/एसएसएचएफएस एसएसएचकी.सोर्स=/रूट/डिझाइन-की/

आता डॉकर अधिकारांची यादी दाखवून हो की नाही विचारतो. इथे घाई नको. या प्लगइनच्या यादीत होस्टचं नेटवर्क, /देव/फ्यूज हे डिव्हाइस, होस्टवरचे काही माउंट आणि सिस्टीम ॲडमिनची कॅपॅबिलिटी (खास अधिकार) दिसते. फोल्डर जोडायचं म्हणजे एवढं लागणारच. पण लॉग पाठवणाऱ्या प्लगइनने सगळ्या डिव्हाइसचा ॲक्सेस मागितला तर तिथेच थांबा. ‘--ग्रँट-ऑल-परमिशन्स’ हा पर्याय ही यादी न दाखवता पुढे जातो. यादी एकदा स्वतः वाचल्यावरच तो स्क्रिप्टमध्ये घाला.

‘--एलियास’ने दिलेलं छोटं नाव पुढे सगळीकडे ड्रायव्हर म्हणून चालतं. उद्या प्लगइन बदलला तरी कम्पोज फाइल बदलावी लागत नाही.

व्हॉल्यूम असा:

डॉकर व्हॉल्यूम क्रिएट -डी एसएसएचडी -ओ एसएसएचसीएमडी=डिझाइनर@१९२.१६८.१.२०:/डिझाइन -ओ अलाउ_अदर -ओ रिकनेक्ट -ओ सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल=१५ डिझाइन

शेवटच्या पर्यायात एस, ए आणि आय ही तीन अक्षरं मोठी. तो आणि ‘रिकनेक्ट’ हे दोन पर्याय जोडीने लागतात. ते नसले आणि समोरचं मशीन मधेच बंद होऊन चालू झालं, की फोल्डर ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’ म्हणत बसतं. मग तो व्हॉल्यूम वापरणारे सगळे कंटेनर थांबवून पुन्हा सुरू करावे लागतात. एकच थांबवून उपयोग नाही, कारण शेवटचा कंटेनर सोडेपर्यंत प्लगइन जुना माउंट काढत नाही. ‘अलाउ_अदर’ नसेल तर रूटशिवाय दुसऱ्या युजरने चालणाऱ्या कंटेनरला परवानगी नाकारली जाते.

‘-ओ पासवर्ड=’ असाही पर्याय आहे. तो टाळा. व्हॉल्यूम बनवताना दिलेले पर्याय ‘डॉकर व्हॉल्यूम इन्स्पेक्ट’मध्ये उघडे दिसतात.

काही बदलायचं असेल तर क्रम ठरलेला आहे: आधी ‘डॉकर प्लगइन डिसेबल’, मग ‘सेट’ किंवा ‘अपग्रेड’, मग ‘एनेबल’. चालू प्लगइनवर सेट चालत नाही. प्लगइन वापरात असेल तर डिसेबलही नकार देतो. ‘-एफ’ लावून जबरदस्ती करता येते, पण कंटेनर तसेच चालू राहतात आणि त्यांच्या पायाखालचं फोल्डर नाहीसं होतं. कंटेनर आधी थांबवा.

लाईट गेली आणि आली

सोलापुरात उन्हाळ्यात ही परीक्षा होतेच. यूपीएस संपला, दोन्ही मशीन बंद पडली, लाईट आल्यावर दोन्ही एकदम सुरू झाली. सर्व्हर नवा, तो लवकर उठतो. डिझाइनचं मशीन जुनं, त्याला वेळ लागतो. डॉकर उठतो, प्लगइन उठतो, ऑर्डरचा कंटेनर सुरू करायचा प्रयत्न होतो, आणि समोर कोणीच नसल्याने माउंट फसतो.

इथे बहुतेकांचा समज असतो की ‘रीस्टार्ट: ऑलवेज’ लिहिलं आहे, म्हणजे डॉकर पुन्हा प्रयत्न करत राहील. तसं होत नाही. कंटेनर एकदा नीट सुरू झाल्यावरच रीस्टार्टचं धोरण लागू होतं. माउंटच झाला नाही तर कंटेनर सुरूच झाला नाही, आणि डॉकर त्याला तसाच सोडून देतो. सकाळी ऑफिस उघडल्यावर सॉफ्टवेअर बंद सापडतं.

उपाय सिस्टमडीकडून, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेकडून, करायचा. डॉकरलाच अडवून ठेवू नका, नाहीतर ज्यांना डिझाइन लागत नाहीत ते कंटेनरही अडतील. वेगळी सर्व्हिस बनवा: प्रकार ‘वनशॉट’, ‘आफ्टर’मध्ये डॉकर.सर्व्हिस आणि नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट, ‘वॉन्ट्स’मध्ये नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट. ती एक छोटी शेल स्क्रिप्ट चालवते:

अंटिल एनसी -झेड १९२.१६८.१.२० २२; डू स्लीप ५; डन

आणि त्यानंतर कम्पोज फाइल असलेल्या फोल्डरात जाऊन ‘डॉकर कम्पोज अप -डी’. बावीस नंबरचं पोर्ट उघडेपर्यंत ती दर पाच सेकंदांनी बघत राहते. वनशॉट प्रकाराला मुळात वेळेची मर्यादा नसते, म्हणून समोरचं मशीन दहा मिनिटांनी उठलं तरी चालतं. हे झालं की यूपीएसचं बटण बंद करून एकदा खरोखर तपासा. रीबूट करून तपासलं तर हा दोष दिसत नाही, कारण तेव्हा दुसरं मशीन चालूच असतं.

लॉग प्लगइनचा सापळा

ग्राफाना लोकीचा (लॉग एका ठिकाणी गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) ड्रायव्हर बसवणं सोपं आहे, आर्किटेक्चरप्रमाणे टॅग निवडला की झालं. सापळा पुढे आहे. लोकीच्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नसेल तेव्हा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि तोपर्यंत डॉकर त्याची वाट बघतो. ‘डॉकर स्टॉप’ दिल्यावर काहीच हलत नाही, आणि माणूस डॉकर बिघडला समजून सर्व्हर रीबूट करतो. डेमन.जेसनमधल्या लॉग-ऑप्ट्समध्ये लोकी-रिट्राइज २, लोकी-टाइमआउट १ सेकंद आणि लोकी-मॅक्स-बॅकऑफ ८०० मिलिसेकंद ठेवा. रिट्राइज शून्य ठेवलं तर अर्थ होतो ‘कायम प्रयत्न कर’. या किमती अवतरणचिन्हांत लिहा. उघडा आकडा लिहिला तर डेमन उठत नाही. आणि नवीन लॉग ड्रायव्हर नव्याने बनवलेल्या कंटेनरलाच लागतो, जुने काढून पुन्हा बनवावे लागतात.

स्वतःचा व्हॉल्यूम प्लगइन

स्वतः लिहिण्याजोगी खरी गरज एक सांगतो. ‘डॉकर कम्पोज डाउन -व्ही’ ही आज्ञा कम्पोज फाइलमधले व्हॉल्यूम डेटासकट पुसते. कुणी चुकून तो ‘-व्ही’ लावला की एका पार्टीची वर्षाची कागदपत्रं गेली. आपला प्लगइन असा करू: व्हॉल्यूमचं नाव म्हणजे पार्टीचं नाव, प्रत्येकाचं दुसऱ्या डिस्कवर वेगळं फोल्डर, आणि व्हॉल्यूम काढला की फोल्डर पुसायचं नाही, ‘जुने’ नावाच्या फोल्डरात तारीख-वेळ जोडून हलवायचं.

प्लगइन म्हणजे दोनच वस्तू: कॉन्फिग.जेसन नावाची फाइल आणि रूटएफएस नावाचं फोल्डर, ज्यात प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फायली असतात. डेमन त्याच्याशी युनिक्स सॉकेटवर एचटीटीपीने जेसनमध्ये बोलतो. पहिली विनंती ‘प्लगइन.ॲक्टिव्हेट’. तिला ‘इम्प्लिमेंट्स’ या यादीत ‘व्हॉल्यूमड्रायव्हर’ असं उत्तर द्यायचं. पुढे आठ कामं: क्रिएट, रिमूव्ह, माउंट, अनमाउंट, पाथ, गेट, लिस्ट, कॅपॅबिलिटीज. गो भाषेत लिहिणार असाल तर ‘गो-प्लगइन्स-हेल्पर्स’ ही लायब्ररी सॉकेट आणि जेसनचं काम सांभाळते, तुम्हाला ही आठ फंक्शन भरायची राहतात.

क्रिएटमध्ये नाव आणि पर्याय लिहून ठेवा, एवढंच. डिस्कवर लगेच काही घडलंच पाहिजे असं नाही. नाव मात्र इथेच तपासा. ते थेट फोल्डरचं नाव होणार आहे, म्हणून अक्षरं, आकडे, डॅश आणि अधोरेषा सोडून काही आलं तर चूक परत करा. दोन टिंबं आणि तिरकी रेघ घातलेल्या नावाने कुणी डिस्कच्या बाहेर जायला नको.

गेटमध्ये व्हॉल्यूम नसेल तर चूक परत करायलाच हवी, डेमन त्यावरूनच ‘आहे की नाही’ ठरवतो. गेट, पाथ आणि लिस्ट ही तिन्ही वारंवार विचारली जातात. त्यांत नेटवर्क किंवा डिस्क शोधणं घालू नका, मेमरीतल्या यादीवरून उत्तर द्या. ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ला दहा सेकंद लागायला लागले की समजावं, कुठल्यातरी प्लगइनच्या लिस्टमध्ये जड काम चाललं आहे.

खरी कसरत माउंट आणि अनमाउंटमध्ये. प्रत्येक माउंट विनंतीबरोबर एक आयडी येतो. एकाच व्हॉल्यूमवर दोन कंटेनर असतील तर दोन वेगळे आयडी. पहिल्या आयडीला खरा माउंट करा, पुढच्यांना फक्त नोंद. अनमाउंटला त्याच आयडीची नोंद खोडा, आणि यादी रिकामी झाली की माउंट काढा. नुसता आकडा वाढवणं-कमी करणं टाळा. एखादी विनंती दोनदा आली की आकडा चुकतो, आणि मग माउंट कधीच निघत नाही. सगळ्या फंक्शनवर एकच म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावा.

व्हॉल्यूमची यादी फाइलमध्येही ठेवावी लागते, कारण डेमनबरोबर प्लगइनही पुन्हा सुरू होतो आणि मेमरी कोरी होते. फाइल थेट लिहू नका. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, डिस्कवर सिंक करा, मग खऱ्या नावाने रिनेम करा. लिहिता लिहिता लाईट गेली तर जुनी फाइल तरी शाबूत राहते. अर्धवट जेसनमुळे प्लगइन उठला नाही तर सगळ्या पार्ट्यांचे व्हॉल्यूम एकदम ‘सापडत नाहीत’.

कॉन्फिग.जेसनमध्ये ‘इंटरफेस’खाली ‘टाइप्स’मध्ये डॉकर.व्हॉल्यूमड्रायव्हर/१.० आणि ‘सॉकेट’मध्ये पार्टी.सॉक लिहा. प्रोग्राम हेच सॉकेट /रन/डॉकर/प्लगइन्समध्ये उघडतो. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी एनेबल करताना डेमन वाट बघून शेवटी चूक देतो. ‘एंट्रीपॉइंट’मध्ये प्रोग्रामचा पूर्ण मार्ग. ‘माउंट्स’मध्ये डिस्कची एक नोंद: नाव डिस्क, सोर्स /डेटा, डेस्टिनेशन /एमएनटी/डिस्क, प्रकार बाइंड, पर्याय आरबाइंड, आणि ‘सेटेबल’मध्ये सोर्स, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर ‘डॉकर प्लगइन सेट’ने जागा बदलता येईल. यादीची फाइलही या डिस्कवरच ठेवा.

‘प्रोपगेटेडमाउंट’मध्ये /एमएनटी/व्हॉल्यूम्स लिहा. या मार्गाखाली प्लगइनने केलेले माउंटच बाहेर डॉकरला दिसतात. म्हणून माउंट फंक्शनमध्ये /एमएनटी/डिस्क/पार्टीचं-नाव हे फोल्डर /एमएनटी/व्हॉल्यूम्स/पार्टीचं-नाव इथे बाइंड माउंट करायचं आणि उत्तरात दुसरा मार्ग द्यायचा. प्रोपगेटेडमाउंट लिहायचं राहिलं तर प्लगइनला आत सगळं बरोबर दिसतं, कंटेनरला मात्र रिकामं फोल्डर मिळतं, आणि चूक कुठेच छापली जात नाही. बाइंड माउंटसाठी ‘लिनक्स’खाली ‘कॅपॅबिलिटीज’मध्ये मोठ्या अक्षरांत कॅप_सिस_ॲडमिन हवं. नेटवर्क लागत नाही, तिथे ‘नन’ ठेवा.

डिस्कचा एक धोका वेगळा सांगायला हवा. बूटच्या वेळी दुसरी डिस्क जोडलीच गेली नाही, तरी /डेटा हे रिकामं फोल्डर जागेवर असतंच. प्लगइन आनंदाने त्यात लिहायला लागतो, म्हणजे मूळ डिस्कवर. नंतर डिस्क जोडली तरी आधीच उठलेल्या प्लगइनला ती दिसत नाही. दोन गोष्टी करा: डॉकरच्या सर्व्हिसला ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा’ जोडा, आणि डिस्कच्या मुळाशी एक खुणेची फाइल ठेवून ती नसेल तर माउंटला नकार द्या.

रूटएफएस बनवणं असं. अल्पाइनवर आधारित डॉकरफाइल लिहा. त्यात प्रोग्राम कॉपी करा आणि /रन/डॉकर/प्लगइन्स, /एमएनटी/डिस्क, /एमएनटी/व्हॉल्यूम्स ही फोल्डरं बनवा. बिल्ड करा. मग:

डॉकर क्रिएट --नेम तात्पुरता पार्टी-इमेज ट्रू
एमकेडिर -पी पार्टी/रूटएफएस
डॉकर एक्सपोर्ट तात्पुरता | सुडो टार -एक्स -सी पार्टी/रूटएफएस
डॉकर आरएम तात्पुरता

टारच्या आज्ञेतला ‘सी’ मोठा. एक्सपोर्टमध्ये फक्त फायली येतात. डॉकरफाइलमधले ईएनव्ही आणि एंट्रीपॉइंट मागेच राहतात, ते कॉन्फिग.जेसनमध्ये पुन्हा लिहावे लागतात. कॉन्फिग.जेसन पार्टी फोल्डरात, रूटएफएसच्या शेजारी ठेवा आणि:

सुडो डॉकर प्लगइन क्रिएट कारखाना/पार्टी:१.० ./पार्टी
डॉकर प्लगइन एनेबल कारखाना/पार्टी:१.०

एनेबल करताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं आणि प्रोग्राम तर जागेवर आहे, असं झालं तर बहुधा तो उबुंटूवर सी लायब्ररीशी जोडून बनला आहे आणि अल्पाइनमध्ये ती लायब्ररी नाही. मोठ्या अक्षरांत सीजीओ_एनेबल्ड=० ठेवून पुन्हा बिल्ड करा. हीच चूक /डेटा फोल्डर होस्टवर नसेल तरीही येते, संदेशात कोणता मार्ग लिहिला आहे ते नीट बघा.

बिघाड शोधताना

‘डॉकर पीएस’मध्ये प्लगइन दिसत नाही आणि ‘डॉकर लॉग्स’ही चालत नाही. प्लगइनने स्क्रीनवर छापलेलं सगळं डेमनच्या लॉगमध्ये जातं: ‘जर्नलसीटीएल -यू डॉकर -एफ’. प्रत्येक ओळीत प्लगइनचा लांबलचक आयडी असतो, तो ‘डॉकर प्लगइन इन्स्पेक्ट’मधून घेऊन ग्रेपने गाळा.

सॉकेटशी थेटही बोलता येतं, आणि दोष डेमनचा की आपला हे ठरवायला यापेक्षा सोपा मार्ग नाही:

सुडो कर्ल -एक्स पोस्ट -डी '{}' --युनिक्स-सॉकेट /रन/डॉकर/प्लगइन्स/आयडी/पार्टी.सॉक एचटीटीपी://लोकलहोस्ट/व्हॉल्यूमड्रायव्हर.लिस्ट

इथे ‘एक्स’, ‘पोस्ट’ मोठ्या अक्षरांत आणि शेवटच्या नावात व्ही, डी, एल ही तीन अक्षरं मोठी. कर्लला उत्तर मिळतं पण डॉकर अडकतो, तर बहुधा माउंटमध्ये म्युटेक्स सोडायचा राहिला आहे.

दुसऱ्या सर्व्हरवर नेताना

‘डॉकर प्लगइन पुश’ने प्लगइन रजिस्ट्रीत (इमेज आणि प्लगइन साठवणाऱ्या सर्व्हरवर) चढवता येतो. प्लगइन आणि इमेज रजिस्ट्रीत एकाच ठिकाणी राहतात, पण प्रकार वेगळा. ‘डॉकर पुल’ने प्लगइन ओढायला गेलात तर चूक येते. आवृत्तीच्या टॅगमध्येच आर्किटेक्चर लिहायची पद्धत आहे, ती पाळा. ‘डॉकर सेव्ह’ प्लगइनला लागू नाही. नेट नसलेल्या शेडमध्ये न्यायचा असेल तर पार्टी हे फोल्डर रूटच्या हक्काने टार करून पेनड्राइव्हवर न्या आणि तिथे ‘प्लगइन क्रिएट’ करा. स्वार्ममध्ये, म्हणजे अनेक मशीन एकत्र जोडून चालवलेल्या डॉकरमध्ये, प्रत्येक नोडवर (मशीनवर) वेगळा बसवावा लागतो.

परवानगी तपासणारे प्लगइन आणि कमांड लाइनचे प्लगइन

परवानगी तपासणारा प्लगइन डेमन.जेसनमध्ये ‘ऑथरायझेशन-प्लगइन्स’खाली नोंदवतात. तो बंद पडला तर डॉकरची प्रत्येक आज्ञा नाकारली जाते, तो पुन्हा चालू करायची आज्ञासुद्धा. सुटका एकच: फाइलमधली नोंद काढून डेमन पुन्हा सुरू करणं. जुलै २०२४ मध्ये यातली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली होती, सीव्हीई-२०२४-४१११०. विनंतीचा मजकूर शून्य लांबीचा दाखवला की तो प्लगइनकडे जातच नसे. २७.१.१ मध्ये ती दुरुस्त झाली. असा प्लगइन वापरत असाल तर आवृत्ती आज तपासा.

कमांड लाइनचा प्लगइन म्हणजे होम फोल्डरातल्या .डॉकर/सीएलआय-प्लगइन्समध्ये ठेवलेली, चालवता येणारी एक फाइल. नाव ‘डॉकर-’ने सुरू व्हायला हवं, आणि त्यापुढच्या भागात फक्त छोटी अक्षरं आणि आकडे, आणखी डॅश चालत नाही. ‘डॉकर-सीएलआय-प्लगइन-मेटाडेटा’ या शब्दाने हाक मारल्यावर तिने जेसनमध्ये स्कीमाव्हर्जन ०.१.०, व्हेंडर आणि थोडक्यात माहिती छापायची. प्रत्यक्ष काम करताना पहिला आर्ग्युमेंट प्लगइनचं स्वतःचं नाव असतो, तो शिफ्ट करून टाका. साध्या शेल स्क्रिप्टमध्ये बसतं. फाइल ठेवूनही आज्ञा सापडत नसेल तर ‘डॉकर इन्फो’ बघा. चुकीच्या नावाचे किंवा मेटाडेटा न देणारे प्लगइन तो कारणासकट दाखवतो.